मुरडशेंगेचा एक वेढा

दुबईत करामातल्या आमच्या त्या इमारतीत घड्याळाची गरज कुणालाच नव्हती. पहाटेची अजान झाली की खालच्या बेकरीचं शटर वर जायचं, शटर वर गेलं की बाबा उठून खाकरायचे, आणि बाबा खाकरले की वरच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाई आपला एसी बंद करायच्या, म्हणजे आमच्या खिडकीच्या पत्र्यावर रात्रभर ठिबकणारं पाणी एकदाचं थांबायचं. मग जरा वेळ शांत. आणि मग समोरच्या फ्लॅटमधून तो आवाज सुरू व्हायचा, धप् सर्र, धप् सर्र. हातिजेबाई पीठ लाटायला बसल्या. त्यांचं लाटणं म्हणजे हाताएवढी लांब, सरळसोट काठी. त्यावर त्या पोळी गुंडाळायच्या, पुन्हा सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या, आणि शेवटी पोळी इतकी पातळ व्हायची की तिच्यातून पलीकडची भिंत दिसावी. आई पहिल्यांदा ते लाटणं बघून आली आणि म्हणाली, "एवढं लांब? हिच्या नवऱ्याला घरात पळायला जागाच उरत नसेल." आता मी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. इथे सकाळी फक्त फोनचा अलार्म वाजतो, तो माझ्या नवऱ्याचा असतो, आणि त्याने मी उठते.

माझा मुलगा हे प्रकरण वाचणार नाही. त्याला मराठी वाचता येतं असं आम्ही नातेवाइकांना सांगतो. मी जुनं काही सांगायला लागले की तो म्हणतो, "मॉम, शॉर्ट व्हर्जन प्लीज." माझ्याकडे कुठल्याच गोष्टीचं शॉर्ट व्हर्जन नाही, हे माझ्या वजनाकडे बघूनही कळतं. तेव्हा दहावीत मी जरा कमी होते, पण समोरच्या फ्लॅटमधल्या पनीर भरलेल्या गरम पोळ्यांनी ती कसर भरून काढायचं काम मनापासून चालवलं होतं.

समोर तिघं राहत. ओरहान, त्याची बायको नेरमिन, आणि नेरमिनला दिवस गेल्यावर व्हिजिट व्हिसावर आलेली ओरहानची आई हातिजे. ओरहान लिफ्ट बसवायचा. दिवसभर शहरातल्या नव्या टॉवरांमधल्या लिफ्ट वर-खाली करून घरी यायचा आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढायचा, कारण मालक म्हणे बाहेरच्या माणसाला हात लावू देत नव्हता. आईला तो 'भाभी' म्हणायचा, दुबईत सगळेच म्हणतात तसं. नेरमिन एका डेंटिस्टकडे असिस्टंट होती. ती आईला 'आब्ला' म्हणायची. आब्ला म्हणजे ताई, हे कळल्यावर आई दोन दिवस उगीचच ताठ मानेने फिरत होती, कारण आमच्या घराण्यात ती शेंडेफळ, तिला ताई म्हणणारं कुणी नव्हतंच. हातिजेबाईंना आम्ही सगळे 'बाबाआन्ने' म्हणायचो. म्हणजे बाबांची आई. ज्याचा ओरहान बाबा व्हायचा होता ते बाळ अजून पोटात होतं, पण बाईंनी विमानातून उतरल्यापासून ही पदवी लावून घेतली होती.

बाबाआन्नेचं गाव तुर्कस्तानात, समुद्रापासून लांब, डोंगरात. लग्नानंतर नवरा जर्मनीला गेला, गाड्यांच्या कारखान्यात. मग ह्याही गेल्या आणि एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागल्या. ठरलं होतं, दोन वर्षं काम करायचं, एक ट्रॅक्टर घ्यायचा आणि परत यायचं. परत आले तेव्हा दोघांचे केस पांढरे झाले होते आणि ट्रॅक्टर चालवायला गावात कुणी उरलं नव्हतं. आमच्या बाबांनीही दुबईत येताना पाचच वर्षांचं ठरवलं होतं. इथल्या प्रत्येक मराठी घरात 'पाच वर्षं' नावाचं एक जड फर्निचर असतं, ते कुणी हलवत नाही, नुसता कपडा मारतात. गावात परतल्यावर बाबाआन्नेच्या नवऱ्याने तीन मजली घर बांधलं. मधला मजला ओरहानचा. तिथल्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण ओरहानला तोवर जर्मन कंपनीने दुबईला पाठवलं होतं. "जर्मनीत आम्हाला तुर्क म्हणायचे," बाबाआन्ने एकदा म्हणाली आणि नेरमिनने इंग्लिशमधून सांगितलं, "गावात आम्हाला जर्मन म्हणतात. आणि इथे तुझी आई मला विचारते, तुम्ही इराणच्या का?"

आई आणि बाबाआन्ने एकमेकींशी तासन्‌तास बोलायच्या. आई मराठीत, बाबाआन्ने तुर्कीत. मध्ये 'चाय', 'साबण', 'हवा', 'दुनिया' असे दोन्हीकडे चालणारे शब्द यायचे, तेव्हा दोघी दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडावा तशा त्या शब्दांवर जरा थांबायच्या आणि पुन्हा आपापल्या पाण्यात उतरायच्या. दुभाषी म्हणून मी बसायचे. मला पंधरा-वीस तुर्की शब्द येत होते आणि त्यातले बहुतेक खाण्याचे होते, त्यामुळे माझ्या भाषांतरात सगळ्या दुःखांना कांद्याची फोडणी असायची.

बाळ झालं ते हिवाळ्याच्या सुरुवातीला, दुबईची हवा माणसात येते तेव्हा. मुलगी. नाव देनिझ, म्हणजे समुद्र. मी पहिल्यांदाच इतकं नवं माणूस जवळून पाहत होते. तिच्या मुठीत माझं बोट सापडलं तेव्हा मला वाटलं, हिने मला पकडलंय आणि आता हिच्या परवानगीशिवाय मला घरी जाता येणार नाही. त्या घरात मग दोन देशांची बाळंतपणं एकदम सुरू झाली. बाबाआन्नेने लवंग-दालचिनी घालून लालभडक सरबत उकळलं, आईने डिंकाचे लाडू वळले. बाबाआन्नेने बाळाला मिठाच्या पाण्याने पुसून काढलं, म्हणजे मोठेपणी घामाचा वास येत नाही. आईने ते बघून मला हळूच सांगितलं, "लोणचं घालतेय का काय." आणि दुसऱ्या दिवशी आईने तेल लावून, पायांवर घेऊन, ओव्याची धुरी देऊन बाळाला असं काही न्हाऊ घातलं की बाबाआन्ने मांडी घालून समोर बसली आणि बघतच राहिली. त्यानंतर रोज सकाळची आंघोळ आईकडे आली. आंघोळीनंतर गुटी. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी डोंबिवलीहून गुटीचं सामान आणलं होतं. हळकुंड, वेखंड, मायफळ, हिरडा, मुरडशेंग, सगळं एका पिशवीत. आई सहाण घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची, एकेक वस्तू दुधात उगाळायची. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, मुरडशेंगेचा एक. बाळ ते चाटायचं आणि तोंड असं करायचं की जणू तिला या जगाबद्दल कुणी आधी नीट कल्पना दिली नव्हती.

आणि मग बाळाची नाळ पडली. आमच्याकडे असल्या गोष्टीची कुणी फार चर्चा करत नाही. समोर मात्र घरात मोठा कार्यक्रम ठरायचा असावा तशी बैठक बसली. बाबाआन्नेने तो वाळका, पीळ पडलेला तुकडा पांढऱ्या मलमलीत ठेवला आणि मला समजावून सांगितलं, हातवारे करून, नेरमिनच्या इंग्लिशच्या मदतीने, की हा जिथे पुरायचा तिथे माणसाचं मन राहतं. शाळेच्या अंगणात पुरलं तर मूल शिकतं, मशिदीच्या अंगणात पुरलं तर देवभोळं होतं, पाण्यात सोडलं तर नशीब शोधत परमुलखात जातं. तिची स्वतःची तिच्या आईने उंबऱ्याखाली पुरली होती, म्हणून तीस वर्षं जर्मनीत राहूनही तिला स्वप्नं पडायची ती त्याच घराची. आणि ओरहानची? ती नवऱ्याने कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गवतात पुरली होती. "म्हणजे पोराला काम मिळेल," ती म्हणाली. "मिळालं. जिथे काम तिथे जातो. घर म्हणायचं राहून गेलं आमचं."

आता देनिझची कुठे? ओरहान म्हणाला, "विमानतळावर पुरू या. आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही." आमचे बाबा चहा प्यायला आले होते, ते म्हणाले, "इथे माती कुठाय? सगळी वाळू. आज करामात पुराल, उद्या वाऱ्याने शारजाला." सगळे हसले. बाबाआन्ने हसली नाही. तिने ठरवलंच होतं, गावी, तिच्या माहेरच्या उंबऱ्याशी, तिच्या स्वतःच्या नाळेशेजारी. आणि तुकड्याबरोबर बाळही. नेरमिनची रजा संपत आली होती, ओरहान दिवसभर साइटवर, बाळाला बघायला कुणी नाही. बाबाआन्नेचा व्हिसा संपला की ती देनिझला घेऊन गावी जाणार, मूल शाळेत जायच्या वयाचं झालं की आईबापांनी न्यावं, हे इतकं सरळ ठरलं होतं की कुणी ते मोठ्याने ठरवलंसुद्धा नव्हतं. सगळे असंच करतात. तिकडे गावी आजोबांनी पाळण्याला हिरवा रंग लावून झाला होता. नेरमिन बाळाचे कपडे घडी करायची, मग उलगडायची, मग पुन्हा घडी करायची. मला ते पाठवणं विचित्र वाटत नव्हतं, हे आज मला विचित्र वाटतं. कारण आमच्याकडेही ठरलं होतं, दहावी झाली की अकरावी-बारावीला मी पुण्याला मावशीकडे. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली जायच्या. मी तर नवी बॅगही पसंत करून ठेवली होती.

तो शुक्रवार होता. ओरहान आंघोळ करून दुपारच्या नमाजाला गेला होता, नेरमिन केस धुवायला गेली होती, बाबाआन्ने बाळाला झोपवत आतल्या खोलीत काहीतरी गुणगुणत होती. हिवाळ्यात इथे दव पडतं, हवा ओली होते, म्हणून आईने गुटीचं सामान एका ताटलीत काढून त्यांच्या खिडकीत उन्हाला ठेवलं होतं. बाबाआन्नेलाही नेमकी हीच काळजी. तिनेही आपली मलमल उघडून त्याच खिडकीत, त्याच उन्हात ठेवली होती. आईचा चष्मा आमच्या घरी टीव्हीवर होता. मुरडशेंग ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एवढंच समजावं की ती तपकिरी, वाळलेली, दोरीसारखा पीळ पडलेली असते, आणि निसर्गाने तिच्यावर आणि दुसऱ्या एका वस्तूवर एकच साचा वापरलेला आहे.

मी टेबलाशी बसून पनीरची पोळी खात होते. आई सहाणेवर घासत म्हणाली, "ही मुरडशेंग मऊ का लागतेय गं? दमट झाली वाटतं." मी मान वर केली. मलमल रिकामी होती. तोंडात घास असल्यामुळे मला बोलता आलं नाही, आणि घास गिळेपर्यंत आईने पहिला वेढा पूर्ण केला.

"आई, थांब. ती मुरडशेंग नाही."

"मग काय वेखंड आहे?"

"आई, ते बाळ आहे."

आईने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या वस्तूकडे, मग खिडकीतल्या रिकाम्या मलमलीकडे. तिने तो तुकडा तळहातावर असा धरला की जणू तो जिवंत आहे आणि त्याला दुखलंय. तेवढ्यात बाबाआन्ने दारात आली. तिने सगळं एका नजरेत पाहिलं. ओरडली नाही. दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि तिच्याकडे बघून आईही खाली बसली. दोघींच्या मध्ये सहाण. सहाणेवर दुधात कालवलेला, फिकट तपकिरी, नखाएवढा लेप. मी तुर्कीत माफी मागायला तोंड उघडलं आणि मला आठवलेला एकमेव शब्द होता 'धन्यवाद'. तो मी म्हटला.

आई रडायलाच लागली. "माझ्या हातून काय झालं हे, आजी, लेकराचं..." बाबाआन्नेने तिच्या हातातून तुकडा घेतला, उन्हाकडे धरून बघितला, अंगठ्याने त्याचं झिजलेलं टोक चाचपलं. मग आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. त्यातला 'किझिम' एवढाच शब्द मला कळला. माझी पोर. आणि मग ती सहाणेवरचा लेप बोटाने निपटायला लागली. एक कणही राहू नये अशा बेताने, मलमलीच्या कोपऱ्यावर. लेप कुठे निपटून येतोय. दगड प्यायला होता तो.

नेरमिन केव्हा बाहेर आली आम्हाला कळलं नाही. केसांना टॉवेल, पायांत काही नाही. तिने बघितलं आणि काय झालं ते विचारलंही नाही. वाकली, सासूच्या समोरून सहाण उचलली, नळाखाली नेऊन वाटीभर पाणी घातलं आणि ती जड सहाण दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाणी सांडू न देता, दरवाजा पायाने उघडून बाहेर गेली. आम्ही मागे. जिन्याची मोकळी जागा ओलांडून ती आमच्या घरात शिरली, हॉलमधून गॅलरीत, जिथे आईची तुळस होती. गुटी झाली की आई सहाणेचं पाणी रोज तुळशीत ओतायची, वाया कशाला घालवायचं म्हणून, हे तिने पाहिलेलं असणार. नेरमिनने सहाण तिरकी केली. पाणी मातीत गेलं. ती माती आईने पार डोंबिवलीहून पिशवीतून आणलेली होती, हेही इथे सांगायला हवं, म्हणजे प्रकरण किती गुंतागुंतीचं होतं ते कळेल.

"बुरादा," नेरमिन म्हणाली. इथे.

मग ती सासूकडे वळली. मी त्या मुलीला कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आवाज चढा नव्हताच. ती दोन-तीन वाक्यं बोलली, तीही खाली बघत, केसांतलं पाणी गालावरून निथळत होतं. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा तिने मला ती वाक्यं इंग्लिशमध्ये सांगितली. "आन्ने, थोडं इथे राहिलं. उरलेलं तुम्ही गावाला न्या. बाळ नेऊ नका."

बाबाआन्ने तुळशीकडे बघत उभी राहिली. मग तिने आईला हातानेच विचारलं, हे मातीत गेलं की पाण्यात? कारण तिच्या हिशेबात दोन्हीचा अर्थ वेगळा. आई डोळे पुसत म्हणाली, "पाणी होतं, पण मातीत गेलं," आणि मी ते कसंबसं सांगितलं. बाबाआन्नेने यावर खांदे उडवले. असा प्रश्न तिच्या गावातल्या कुठल्याच म्हातारीला पडला नव्हता, त्यामुळे उत्तर विचारायला कुणी नव्हतं.

ओरहान गरम पाव घेऊन परत आला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो, कुणाच्या तरी घरी काही झाल्यावर बसतात तसे. बाबांनाही बोलावून आणलं होतं. नेरमिनने झालेलं सांगितलं. ओरहान पहिल्यांदा हसला, मग आईचा चेहरा बघून थांबला, मग नेरमिनचं शेवटचं वाक्य ऐकून आपल्या आईकडे बघायला लागला. आणि बाबाआन्ने बोलू लागली. पावाचा तुकडा मोडत, कुणाकडेही न बघता. नेरमिन हळू आवाजात आम्हाला सांगत होती.

ओरहान सहा महिन्यांचा असताना तिने त्याला गावी सासूकडे सोडलं आणि लाँड्रीत परत गेली. दर उन्हाळ्यात सुट्टी मिळेल असं सांगितलं होतं. कधी मिळाली, कधी नाही, आणि मिळाली तेव्हा घराच्या भिंतींना पैसे हवे होते म्हणून ती जादा काम करायची. तो शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा ती त्याला न्यायला आली. नवा कोट, हातात चॉकलेट. अंगणात तो खेळत होता. तिने हाक मारली, तो आला, चॉकलेट घेतलं, आणि शहाण्या मुलासारखं म्हणाला, "थँक यू, तेयझे." तेयझे म्हणजे मावशी, परकी बाई. रात्री जेवताना त्याने आजीला विचारलं, ही मावशी तिच्या घरी कधी जाणार?

"मी धुण्यातले सगळे डाग काढायचे," बाबाआन्ने म्हणाली. "रक्ताचे, औषधांचे. हा शब्द नाही निघाला."

ओरहान टेबलाकडे बघत होता. दहावीतल्या मला तो फार मोठा माणूस वाटायचा, लिफ्टच्या खोल विहिरींमध्ये दोरीला लटकणारा. तो म्हणाला, "मला चॉकलेट आठवतं." मग म्हणाला, "कोटही आठवतो. निळा होता." एवढंच. बाबाआन्नेने डोळे मिटले. मला तेव्हा काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही. आपण एका घरात पाव खायला बसलोय आणि त्या घराला अचानक छत नाही, वर नुसतं आभाळ आहे, असं काहीतरी. इतकी मोठी गोष्ट या बाईने इतकी वर्षं पिठाबरोबर मळून ठेवली होती आणि मी रोज येऊन तिच्या पोळ्या मोजत होते.

पहिली बोलली आई. "नेरमिन, मुलगी माझ्याकडे ठेव. तू कामावर गेलीस की सकाळी आणून दे, संध्याकाळी घेऊन जा. मी घरीच असते." बाबांनी चमकून तिच्याकडे बघितलं. आई त्यांना मराठीत म्हणाली, "बघताय काय? सहाणेवर मी उगाळलंय, निस्तरायला मीच पाहिजे." आणि मग, माझ्याकडे न बघता, पावाचे चुरे गोळा करत, "आणि हिलाही कुठे पाठवायची नाही मला. अकरावी इथे होत नाही का?" बाबा म्हणाले, "बरं." बाबांच्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय या शब्दाने झालेले आहेत. मी पुण्याला गेले नाही. नवी बॅग पुढे लग्नात उपयोगी पडली.

देनिझ आज तिशीच्या पुढे आहे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका ऑफिसात काम करते आणि चार भाषांमध्ये अखंड बोलते. वरणभाताला ती अजून 'मम्मम' म्हणते, मीटिंगमध्येसुद्धा, असं तिच्या सहकाऱ्यांनी मला सांगितलंय. ती मूळची कुठली, हे कुणी विचारलं की ती समोरच्याला आधी बसायला सांगते.

पण बाबाआन्नेच्या निघण्याचं सांगायचं राहिलं. व्हिसा संपला. विमानतळावर आम्ही सगळे दोन गाड्यांतून गेलो. तिच्या पर्समध्ये मलमलीत गुंडाळलेला उरलेला तुकडा होता आणि कडेवर देनिझ. पुढे फक्त प्रवाशांनाच सोडतात तिथपर्यंत तिने बाळ कुणाकडे दिलं नाही. नेरमिन तिच्या शेजारून चालत होती, दोन्ही हात किंचित पुढे, काही पडलं तर झेलायला असावेत तसे. मी नेरमिनचा चेहरा बघत होते. तिला खात्री नव्हती. आम्हाला कुणालाच नव्हती. रांगेत बाबाआन्नेच्या मागे माणसं उभी राहिली, कुणीतरी ट्रॉलीने हलकेच ढोसलं. तिने बाळाच्या कपाळाला नाक लावलं, बराच वेळ. मग देनिझला नेरमिनच्या हातात दिलं. आणि मग तिने डोक्याचा रुमाल सोडला. पांढरा, कडेला सुईने विणलेली बारीक फुलं असलेला, रोज पीठ लाटताना बांधायची तो. मी तिचे केस पहिल्यांदाच पाहिले, पातळ, पांढरे, एका पिनेने घट्ट बसवलेले. तिने तो रुमाल बाळाभोवती गुंडाळला, पर्समधून दुसरा काढून स्वतःला बांधला आणि नेरमिनला एकच गोष्ट सांगितली. "हा धुऊ नकोस."

आमच्या आईला हे कळलं तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल ते आमच्या घरी येऊन गेलेल्यांनाच समजेल. आई नोटा सोडून सगळं धुते. पाहुणे गेले की उशीचे अभ्रे, पाहुणे बसले असतील तर सोफ्याची कव्हरंही. तो रुमाल दिवसभर आमच्या घरात असायचा, देनिझच्या हातात, तोंडात, फरशीवर. त्याला दूध लागलं, वरण लागलं, एकदा तूप सांडलं. आई तो उचलायची, वास घ्यायची, तोंड वाकडं करायची, आणि पुन्हा बाळाच्या उशाशी ठेवायची. मोलकरणीने एकदा तो बादलीत टाकायला घेतला, तर आईने तो तिच्या हातातून असा काही ओढला की ती बिचारी दोन दिवस कामाला आली नाही. रोज संध्याकाळी नेरमिन बाळाला तो रुमाल दाखवून म्हणायची, बाबाआन्ने. बाळ त्याकडे बघून जांभई द्यायचं.

पुढच्या हिवाळ्यात बाबाआन्ने परत आली, या वेळीही नवऱ्याला बरोबर न घेता, कारण त्याला विमानाची भीती वाटायची आणि कोंबड्या कुणावर सोडणार. आम्ही पुन्हा दोन गाड्यांतून गेलो. बाहेर येणाऱ्यांची ही गर्दी, ट्रॉल्यांवर खोक्यांचे डोंगर, नातेवाइकांची हाकाहाकी. ती दिसली, ओरहान पुढे झाला, पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ट्रॉली ढकलत आली आणि नेरमिनपासून जरा अंतरावर थांबली. हात पुढे केले नाहीत. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ही इथून पुढे एक पाऊलही टाकणार नाही. देनिझने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून नेरमिनच्या मानेत लपवलं. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती, इतका घट्ट की वळ उठले. बाळाने पुन्हा मान वळवली. बघितलं. मग एका हाताने नेरमिनचा खांदा सोडला आणि पुढे झुकलं, इतकं की नेरमिनला एक पाऊल टाकावंच लागलं, मग दुसरं. देनिझने बाबाआन्नेच्या डोक्याचा रुमाल मुठीत पकडला. हा वेगळा होता, निळसर, आम्ही कधी न पाहिलेला. तिने तो ओढला, आपलं तोंड म्हातारीच्या गळ्याशी त्यात खुपसलं आणि तिथेच ठेवलं.

कुठलाच शब्द नाही. बाबाआन्ने दोन्ही हात अधांतरी धरून उभी राहिली, बाळाला घ्यायचंही तिला सुचेना. मागून ट्रॉलीवाला पठाण घाई करत म्हणत होता, "यल्ला, अम्मा, यल्ला, रास्ता." ती हलली नाही. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जायला लागली. शेवटी आईनेच पुढे होऊन तिची ट्रॉली बाजूला घेतली.